दोनदा टॅप करा

अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, देवराव मिस्त्री, धंद्यातले अनुभव लिहा. मी म्हटलं, मी चौथी पास आहे आणि आता दिसतही नाही. त्या म्हणाल्या, मग बोला. म्हणून हे बोललेलं आहे, लिहिलं फोनने. मी 'मले' म्हणतो, तो 'मला' लिहितो. 'काहून' म्हटलं की जरा वेळ गप्प राहतो आणि भलतंच काही लिहितो. माझी मुलगी वर्षा म्हणते, बाबा, फोन तिकडे पुण्याबिण्याकडे शिकलेला दिसतो. जिथे माणसं बोलतात तिथलं तेवढं तिने बसून त्यांच्या तोंडचं करून दिलं. बाकी भाषा फोनची, मजकूर माझा. भाषेत चूक निघाली तर मला विचारू नका.

बाभुळगावात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचा पंप, चक्कीची मोटर, कूलर, जे जळेल ते आमच्याकडे येतं. मोटर जळते म्हणजे तिला आग लागत नाही. आतल्या तांब्याच्या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो. तो तापून करपला की तारा एकमेकींना भिडतात आणि मोटर बसते. मग आम्ही जुनी तार कापून काढायची, खाचा साफ करायच्या, खाचांत कागद घालायचा, नव्या तारेचे वेढे भरायचे, दोऱ्याने आवळायचे, वार्निश पाजायचं आणि वाळवायचं. काम एवढंच. यात मोठेपणा काही नाही, पण गावात पाणी आणि पीठ आमच्यामुळे चालू असतं, हे मी सांगून ठेवतो. दुसरं कोणी सांगणार नाही.

गिऱ्हाईक कधी खरं बोलत नाही. मोटर नेहमी आपोआपच बंद पडलेली असते. एकाची उघडली तर आत उंदराने कापसाची गादी करून पिल्लं घातलेली. तो म्हणतो, सकाळपर्यंत मस्त चालू होती मिस्त्री. मी म्हटलं, मंग उंदीर लय सहनशील होता बुवा. दुसरा एक जण मोटर ठेवून घरी जायचाच नाही. मी आतलं तांबं बदलून टाकीन अशी त्याला भीती. दिवसभर समोर बसून राहायचा, आमचाच चहा प्यायचा आणि शेवटी भाव करायचा. गेला बिचारा. त्याचा मुलगा आता दुसऱ्याच गावच्या मिस्त्रीकडे जातो.

दुकानात आम्ही दोघं. मी आणि रज्जाक. रज्जाकला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. तो मूकबधिरांच्या शाळेत शिकला, माझ्यापेक्षा जास्त शिकला, अक्षर सुंदर. तरुणपणी आमच्या दोघांच्या कामाच्या खुणा ठरलेल्या होत्या. तार दे, कागद काप, आवळ, सोड. त्याच्या पलीकडचं बोलायला माझा हात वळायचा नाही. ओठ वाचावे म्हटलं तर माझी मिशी आड येते, अशी त्याची तक्रार. मिशी काही मी काढली नाही.

नंतर काचबिंदूने माझे डोळे गेले. मी दवाखान्यात उशिरा गेलो, डॉक्टर म्हणाले गेलेलं परत येत नाही. हातांना फरक पडला नाही. वेढे मी आधीही बोटांनीच भरायचो. बेअरिंग खराब आहे की चांगलं, ते पेचकसाचं टोक मोटरीला आणि मूठ कानाला लावून ऐकायचो, तसंच आताही ऐकतो. तारेचा रंग रज्जाक बघतो, तारांचे सांधे कथिलाने डागायचं काम तो करतो, टेस्टचा दिवा तो बघतो. दोन माणसांत मिळून एक पुरता मिस्त्री होतो.

पण बोलायचं कसं? मी हात हलवला तर तो माझ्याकडे बघतो आहे की नाही हे मला कळत नाही. त्याने हात हलवला तर मला दिसत नाही. मधे होती माझी बायको, इंदू. ती आधीपासून दुकानात कागद कापायला बसायची, रज्जाकच्या सगळ्या खुणा तिने हेरल्या होत्या. माझ्यापेक्षा जास्त ती त्याच्याशी बोलायची. बाजार, सुना, पाऊसपाणी, सगळं हातांनी. मी बोललो की ती त्याला खुणेने सांगायची, त्याने खुणावलं की मला तोंडाने. स्विचच्या बोर्डाजवळ तिचं स्टूल होतं. मोटर चालू करून बघायची वेळ आली की रज्जाकचे हात बाजूला झालेले ती डोळ्यांनी बघायची आणि मला म्हणायची, द्या. मग मी स्विच द्यायचो. तिने द्या म्हटल्याशिवाय मी कधी स्विच दिला नाही.

गेल्या संक्रांतीनंतर इंदू गेली. सकाळी चहा ठेवला, म्हणाली छातीत जड वाटून राह्यलं, आणि यवतमाळच्या रस्त्यावर गाडीतच गेली. यावर मी जास्त बोलणार नाही. फोनला पण रडका आवाज नीट कळत नाही, काहीच लिहीत नाही.

रज्जाक रोज यायचा. शटर वर करायचा, झाडायचा, बसायचा. मी पण बसायचो. तो माझ्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायचा. माझ्या तळहाताला तार ओढून ओढून घट्टे पडलेले, अक्षर लागतच नाही. 'जेवला का' एवढं कळायला जेवणाची वेळ निघून जायची. कामं परत जाऊ लागली.

मग हैदराबादहून त्याचा मुलगा अस्लम आला. पोरगा चांगला आहे, सरळ बोलतो. म्हणाला, "काका, तुम्हाले राग येईन, पण सांगतो. तुम्हाले दिसत नाही, अब्बाले ऐकू येत नाही, आणि मधात चारशे चाळीसची लाइन. काकू होती तंवर ठीक होतं. दिवाळी झाली की मी अब्बाले घेऊन जातो."

खरं होतं. रज्जाक गेला की दुकान बंद, हे त्याला माहीत होतं आणि मला पण. तारेचा रंग हाताला कळत नाही.

मधल्या काळात वर्षा आली. जावई राजूरला खाणीत आहे, तिथून ती महिन्यामहिन्याने येते. तिने माझा साधा फोन फेकला आणि हा आणला. रज्जाककडे तसला फोन होताच. तिचं म्हणणं असं, की तुम्ही बोला, फोन लिहील, ते रज्जाककाकांना जाईल. ते लिहितील, फोन तुम्हाला वाचून दाखवेल. झालं.

झालं कशाचं? ज्यांनी हे वापरलं नाही त्यांना सांगतो. या फोनमध्ये दोन माणसं राहतात असं समजा. एक वाचणारी बाई. तुम्ही बोट जिथे ठेवाल तिथे काय आहे ते ती मोठ्याने सांगते. काच गुळगुळीत असते, तिच्याशिवाय बटण कुठे ते कळत नाही. दुसरा लिहिणारा. तुम्ही बोलाल ते तो अक्षरांत उतरवतो. दोघं एकेकटे हुशार आहेत. पण बाई बोलते तेव्हा लिहिणाऱ्याचे कान उघडे असले, तर त्याला वाटतं मालकच बोलला. तो बाईचं बोलणं पण लिहून टाकतो. म्हणून कानात इअरफोन घालायचा, म्हणजे बाई फक्त माझ्या कानात बोलते.

इअरफोनवरून माझं आणि वर्षाचं वाजलं. कान मला मोटरीसाठी लागतात, त्यांत बोळे घालून कसं चालेल? पण ती होती तोपर्यंत घातला.

पहिल्याच दिवशी एका पंपाच्या तारेची गाठ माझ्या बोटाला लागली. ढिली होती. मी फोनमध्ये बोललो, रज्जाक, ही गाठ बैलाने मारली काय, डोळे तुझे आहेत ना. नेहमी बोलतो तसाच बोललो. रज्जाकने पक्कड टेबलावर टाकली आणि तो बाहेर गेला. थोड्या वेळाने माझ्या कानात बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "रज्जाक. नवीन संदेश. तू म्हातारा गाढव. डोळे गेले, तोंड नाही गेलं."

मी गार पडलो. इतक्या वर्षांत रज्जाक मला एक वाकडा शब्द बोलला नव्हता. गोड माणूस बघायचा तर आमच्या दुकानात या, असं मी गावभर सांगत होतो.

पुढे बरेच दिवस तो यायचा, शटर उघडायचा आणि पाठ करून बसायचा. पाठ केलेली मला दिसत नव्हती, चहावाल्याने सांगितली. वर्षा राजूरला परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, आई होती तंवर तुमचं दोघायचं कधी भांडण झालं नाही, अन् आता फोन आला तं झालं. हे काहून?"

दिवाळी तोंडावर आली आणि तांड्यावरच्या कमलाबाईच्या चक्कीची मोटर जळली. कमलाबाईला आमच्याकडे सगळे ओळखतात. आवाज चक्कीच्या वरचा. तिने मोटर ऑटोतून उतरवली आणि म्हणाली, "मिस्त्री, अर्ध्या तालुक्याची भाजणी माह्या दारात पडून आहे. चकल्या झाल्या नाही तं बाया तुमचं नाव घेतीन, माहं नाही. तुम्ही रुसा, भांडा, काही करा, मोटर द्या."

मग रुसून चालेना. मी वेढे भरले, रज्जाकने लीड, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या तारा, काढल्या, डागल्या. एक शब्द न बोलता. कागद हवा असला की मी हात पसरायचो, त्या हातावर कागद पडायचा. जरा आपटूनच पडायचा. वार्निश वाळलं. मोटर लोखंडी टेबलावर बसवली. आता झाकण लावायचं होतं, आणि हे बोलल्याशिवाय होत नव्हतं. आतल्या तारा दबल्या नाहीत ना, हे त्यानेच बघायला हवं.

इअरफोन मी आधीच काढून डब्यात टाकला होता. फोन हातात घेऊन म्हटलं, बोर्ड बंद आहे, तारा बघून झाकण बसव. मग पाठवायचं बटण बोटाने शोधलं. बटण सापडलं तशी बाई मोठ्याने म्हणाली, "पाठवा, बटण. सक्रिय करण्यासाठी दोनदा टॅप करा." मी दोनदा टॅप केलं. गेलं.

मी मोटरीवर तळवा ठेवून उभा होतो. झाकण बसल्याचं हाताला कळलं, चार बोल्ट कसल्याचं कळलं. आणि मग मोटरीच्या अंगावर हातोडीचे दोन ठोके. ठक, ठक. माझ्या तळव्यापासून कोपरापर्यंत झिणझिण्या.

मला वाटलं रागाने मारले. मी पण टेबलाखालची पक्कड उचलली आणि टेबलावर दोन हाणले. जोरात.

फोन बोलला. "रज्जाक. नवीन संदेश. दोनदा ठोकलं. सक्रिय नाही झालं. लाइन कुठे आहे."

मग कळलं. बाईने सांगितलेलं लिहिणाऱ्याने ऐकलं, त्याने ते माझ्या नावावर लिहिलं, आणि रज्जाकने, चाळीस-पन्नास वर्षं मोटरी बांधणाऱ्या माणसाने, मोटर सक्रिय करण्यासाठी तिला हातोडीने दोनदा टॅप केलं. फोनचं नवीन काही तंत्र असेल असं वाटलं म्हणे.

मी हसलो ते खाली बसलो. इंदू गेल्यापासून तसं हसलो नव्हतो. फोनमध्ये काय झालं ते सांगायला लागलो, तर बाईने त्यात पण आपलं घुसवलं. ते वाचून रज्जाक हसला. रज्जाकचं हसणं मोठं असतं. त्याला ते ऐकू येत नाही, म्हणून तो ते आवरत पण नाही. चहावाला धावत बघायला आला.

चहा घेताना त्याचा संदेश आला. "एक विचारू. भाभी होती तेव्हा तू असा बोलत नव्हता."

मी म्हटलं, मी असाच बोलत होतो. जलमापासून असाच बोलतो.

चहा संपवून त्याने लिहिलं, "त्या बाभुळगाव पंचायतीच्या पंपाच्या वेळी मी चहाला गेलो, तेव्हा तू काय बोलला होता?"

मला आठवत होतं. मी इंदूला म्हटलं होतं, त्या बैलाले सांग, तोंड काळं कर अन् संध्याकाळीच ये.

"भाभीने मला सांगितलं, देवराव म्हणतात, थकले असाल, आराम करा, काम मी बघतो."

असं सुरू झालं. आम्ही दोघं म्हातारे तिथे संध्याकाळपर्यंत तेच करत बसलो. तू तेव्हा काय म्हणाला होता? मग तिने काय सांगितलं? एकदा त्याने खुणेने सांगितलेलं, तुझा नवरा चक्रम आहे, वेढे चुकले तरी ऐकणार नाही. मला इंदूने सांगितलं होतं, रज्जाकभाई म्हणतात, तुमच्या हाताले तोड नाही, पण एकदा मोजून पाहा. मी मोजले होते. चुकलेले होते. आणि दरवर्षी ईदला शीरखुर्म्याचं बोलावणं! मी कधी मागितला नव्हता, त्याने कधी बोलावलं नव्हतं. दोघांनाही तिनेच सांगितलेलं, की तिकडून आठवण केली आहे.

"माझं तोंड बघून तुले समजत नव्हतं?" मी विचारलं.

"तोंड रागाचं, बोलणं गोड. मला वाटायचं तुझं तोंडच तसं आहे."

मग तो एका गोष्टीवर आला आणि हसणं थांबलं. माझे डोळे गेले तेव्हा पांढरकवड्याच्या हायवेवर एका गॅरेजवाल्याने त्याला बोलावलं होतं. त्याचं जायचं ठरलं होतं, पिशवी भरली होती. "तू भाभीकडून निरोप दिला. रज्जाक, तू गेला तर मी मोटरीला हात लावणार नाही. म्हणून मी थांबलो."

मी असा निरोप दिला नव्हता. त्या दिवसांत मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो आणि इंदूला म्हणालो होतो, विकून टाक दुकान. ती संध्याकाळी परत आली आणि म्हणाली, रज्जाकभाई म्हणतात, देवराव नसतील तर मी शटर उघडणार नाही. ते ऐकून मी दुसऱ्या दिवशी उठलो.

हे मी त्याला बोललो. त्याने लिहिलं, "मी असं नाही म्हटलं."

आमचं दुकान ज्या दोन वाक्यांवर उभं राहिलं ती दोन्ही इंदूची होती. आम्ही दोघं ती एकमेकांची समजून राबत होतो. मला राग यायला पाहिजे होता असं कोणी म्हणेल. मला उलट वाटलं, इंदू दुकानातच आहे. मेल्यावर पण तिची नवीन गोष्ट ऐकायला मिळाली. पुन्हा कधी मिळेल असं वाटलं नव्हतं.

कमलाबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊन उभी राहिली. मोटर चालवून बघायची होती. इंदूच्या स्टुलावर मी फोन ठेवला. आता द्या म्हणणारं कोणी नव्हतं, पण कालच्या ठोक्यांनी एक गोष्ट दाखवली होती. टेबल लोखंडाचं. मी या टोकाला ठोकलं तर त्या टोकाला रज्जाकच्या तळव्याला कळतं. त्याने ठोकलं तर मला ऐकू येतं. मग ठरवलं. मी दोनदा ठोकायचं म्हणजे स्विच देणार आहे. त्याने हात काढून, लाकडी मुठीच्या हातोडीने दोनदा ठोकायचं म्हणजे दे. त्याचे ठोके आले नाहीत तर स्विच नाही. अस्लमला सांगता येईल अशी सोय झाली. पण अस्लमला काय सांगायचं ते रज्जाकच्या हातात होतं, आणि तो त्याबद्दल काही लिहीत नव्हता.

मी पक्कड हातात घेतली, आणि खाली ठेवली. फोन उचलला. आता मधे कोणी गोड करून सांगणारं नव्हतं. म्हटलं, "रज्जाक, हे इंदूचं नाही, हे माहं बोलणं आहे. हैदराबादले जाऊ नको. तू गेला तं मी शिव्या कोणाले देऊ?"

बोटाने बटण शोधलं. बाई म्हणाली, "पाठवा, बटण. सक्रिय करण्यासाठी दोनदा टॅप करा." ते पण त्यात गेलं असणार. जाऊ दिलं.

मग मी पक्कडीने टेबलावर दोनदा ठोकलं आणि बोर्डावर हात ठेवला.

ज्याला दिसत नाही त्याला समोरचा गप्प असला की तो आहे की नाही हे पण कळत नाही. कमलाबाई म्हणाली, "मिस्त्री, देवाचं नाव घेऊन राह्यले का? भाजणीले किडे होतीन." मी म्हटलं थांब.

टेबलाच्या त्या टोकाला हातोडी उचलल्याचा आवाज आला.

ठक. ठक.

मी स्विच दिला. मोटर एका दमात उठली. पेचकस कानाला लावला तर बेअरिंगची कुरकुर नाही, वेढ्यांची गुणगुण एकसारखी. चांगली बांधलेली मोटर मला कानाने कळते, रज्जाकला तळव्याने. त्याने टेबलावर तळवा ठेवला असणार, तो तसाच बघतो.

फोन रज्जाकचं काहीतरी वाचायला लागला, पण मोटरीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.